रेडिओचं बातमीपत्र बसवायला शिकतेय: कॉपी, क्रम आणि घड्याळ कसं जमवता?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी पुण्यात पत्रकारितेच्या एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात रेडिओचा पेपर घेतलाय. दर शुक्रवारी आमच्या गटानं दहा मिनिटांचं मराठी बातमीपत्र करायचं. बातम्या जमवणं, लिहिणं, क्रम लावणं, वाचणं, रेकॉर्डिंग, सगळं आमचं आम्ही. दर आठवड्याला एक जण निर्माता असतो आणि पुढच्या शुक्रवारी माझी पाळी आहे. हे कुठेही प्रसारित होत नाही, वर्गातच ऐकतात आणि फाडतात.

सरांचा शेरा प्रत्येक गटाला एकच असतो, "पेपर मोठ्यानं वाचताय." आवाजाबद्दल सगळे सल्ले देतात. पण मला अडतंय ते आधीच्या कामात. कुठली बातमी घ्यायची, कितीची करायची, वेळेत बसत नसेल तर काय उडवायचं?

नमुना म्हणून ही एक प्रेसनोट. सरांनी सरावासाठी बनवलेली आहे, त्यामुळे आकडे खरे धरू नका. (क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी.)

"खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून मुठा नदीपात्रात सुरू असलेला ९ हजार क्युसेक विसर्ग वाढवून सायं. ५.०० वा. १३ हजार क्युसेक करण्यात येत आहे. पावसाच्या प्रमाणानुसार व येव्यानुसार विसर्ग कमी/जास्त होऊ शकतो. तरी सदर बाब लक्षात घेता नदीपात्रात कोणीही उतरू नये. नदीपात्रात काही साहित्य अथवा जनावरे असल्यास तात्काळ हलविण्यात यावीत. सखल भागातील नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी."

आणि ही माझी बातमी:

"खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून मुठा नदीपात्रात करण्यात येणारा नऊ हजार क्युसेक विसर्ग वाढवून सायंकाळी पाच वाजता तेरा हजार क्युसेक करण्यात आला असून, नदीकाठच्या सखल भागातील नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी, असे आवाहन जलसंपदा विभागातर्फे करण्यात आले आहे."

काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. वाईट वाटून घेणार नाही.

डेस्कवरचा_गण्या
मला तर ठीक वाटली. कोण, काय, कधी, कुठे, सगळं एका वाक्यात आलंय. जिल्हा आवृत्तीत मी अशीच सोडली असती. फार तर "करण्यात" दोनदा कमी केलं असतं.

सात_पाच
गण्या, तिथेच मेख आहे. तुझ्या वाचकाचे डोळे मागे जाऊ शकतात, श्रोत्याचे कान जात नाहीत.

अर्धविराम, मी आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागात बरीच वर्षं नैमित्तिक वृत्तनिवेदक होतो, आता घरी बसून इतरांच्या चुका काढतो. तुझं वाक्य मोठ्यानं वाच. एका श्वासात होतं का? पहिले सहा-सात शब्द ऐकून काय झालं ते कळतं का? "खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून मुठा नदीपात्रात करण्यात येणारा" इथपर्यंत श्रोता नुसता वाट बघतोय. मी अशी करीन:

"खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलं जाणारं पाणी आज संध्याकाळी पाच वाजल्यापासून वाढवण्यात आलं आहे. विसर्ग आता तेरा हजार क्युसेक आहे. याआधी तो नऊ हजार होता. पावसाचा जोर पाहून त्यात आणखी बदल होऊ शकतो. नदीपात्रात उतरू नका, पात्रातली जनावरं आणि सामान लगेच हलवा, असं आवाहन जलसंपदा विभागानं केलं आहे."

पाच वाक्यं झाली, पण एका वेळी एकच गोष्ट. "सदर", "तात्काळ", "योग्य ती दक्षता" गेले. योग्य ती म्हणजे कुठली, हे कोणी सांगत नसेल तर तो शब्द हवेत कशाला सोडायचा? "येवा", म्हणजे धरणात येणारं पाणी, हा धरणवाल्यांचा शब्द. शेतकऱ्याला कळेल, डेक्कनवरच्या भाडेकरूला नाही. पावसाचा जोर म्हटलं की दोघांनाही कळतं.

आणि प्रेसनोट म्हणते पाच वाजता पाणी वाढवण्यात *येत आहे*. तुझी बातमी म्हणते वाढवण्यात *आलं*. तुमचं बातमीपत्र साडेचारला वाजणार असेल तर? नोट किती वाजता निघाली, आपण किती वाजता वाचणार आणि मधल्या वेळात आकडा बदलला का, हे फोन करून विचारायचं. पावसाळ्यात दोन तासांत विसर्गाच्या तीन नोटा येतात. शिळी नोट वाचली तर लोक चुकीच्या भरवशावर गाड्या नदीपात्रात ठेवून येतील.

माई_बार्शीकर
मी साधी श्रोती. सकाळी भाकरी थापताना रेडिओ चालू असतो, हात पिठात, आवाज वाढवायचा तरी कोपरानं. त्यामुळे सांगते.

तेरा हजार क्युसेक म्हणजे मी काय समजू? पुण्यात माझी लेक राहते. तिच्या रस्त्यावरचा पूल चालू आहे की बंद, ते सांगा की. नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला म्हटलं की मला सगळं कळतं.

आणि तुम्ही मुलं दोन बातम्यांच्या मध्ये "दरम्यान" का म्हणता? अपघाताची बातमी संपते आणि "दरम्यान, राज्य नाट्य स्पर्धेत..." कशाच्या दरम्यान?

अर्धविराम
माई, "दरम्यान" आजपासून बंद. 😄

काका, शिळ्या नोटेचं डोक्यातच आलं नव्हतं. पुलाचं घालायचं तर ते नोटेत नाही. मग?

सात_पाच
मग महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला किंवा वाहतूक पोलिसांना विचारायचं. कळलं तर घालायचं आणि कोणी सांगितलं तेही म्हणायचं. नाही कळलं तर गाळायचं. "पूल पाण्याखाली जाण्याची शक्यता" असं स्वतःच्या अंदाजानं लिहायचं नाही.

पुण्यात पाण्याच्या बातमीला फार जपावं लागतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. त्यानंतर पुन्हा पाणी आल्याची अफवा उठली आणि लोक वाट फुटेल तिकडे पळत सुटले. तेव्हा "पाणी सोडलं", "पाणी वाढलं" आणि "धरणाला धोका" ही तीन वेगळी वाक्यं आहेत. घाईत एकाच्या जागी दुसरं येऊ द्यायचं नाही.

क्युसेक काढू नकोस मात्र. नदीकाठचे लोक आकडा लक्षात ठेवतात. "मागच्या वेळी इतक्या हजाराला आमच्या गल्लीत पाणी आलं होतं" हा त्यांचा हिशेब असतो. आकडा एकदाच सांग आणि लगेच आधीचा आकडा सांग, म्हणजे फरक कळतो.

कुजकट
रेडिओ कोण ऐकतं आता? दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीनं २०२४ मध्ये एआय निवेदक आणले. पुढच्या वर्षी तुमचं बातमीपत्रही यंत्रच वाचेल. रील बनवायला शिका, पोट भरेल.

तरंग
वाचेल की. पाच वाजताची नोट शिळी झाली का, हे विचारायला फोन कोण करणार? यंत्र?

मी सातारा जिल्ह्यात सामुदायिक रेडिओवर काम करतो. ऐकतं कोण ते आमच्या स्टुडिओचा फोन वाजतो तेव्हा कळतं. टँकर आज येणार की उद्या, हे विचारायला बायका फोन करतात. असो, धागा भरकटायला नको.

अर्धविराम, एक गोष्ट तुझ्या वर्गात कोणी सांगितली नसेल तर सांगतो. भारतात खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. खासगी एफएमला २०११ च्या धोरणानं आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा दिली, आणि २०१९ पासून आकाशवाणी ती त्यांना मोफत देऊ लागली. आम्हालाही आकाशवाणीच्याच बातम्या चालतात, मूळ रूपात किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून. विद्यापीठांची कॅम्पस रेडिओ केंद्रंही याच चौकटीत येतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. तरी बातमीचा दरवाजा रेडिओपुरता अजून किलकिलाच आहे. पेपर काढा, वाहिनी काढा, यूट्यूबवर बोला. गावच्या रेडिओवर ग्रामसभेची बातमी द्यायची म्हटलं की नियम आडवा येतो. मला हे अजिबात पटत नाही, पण आहे हे असं आहे.

फट मात्र आहे. काही विषय "बातमी" धरले जात नाहीत: वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि सण, परीक्षा-निकाल-प्रवेश, नोकरीच्या संधी, आणि स्थानिक प्रशासनानं दिलेल्या पाणी-वीज-आरोग्य-आपत्तीच्या सूचना. यांवर माहितीपत्र करता येतं. तुमच्या विद्यापीठाचं केंद्र असेल तर तिथे जाऊन हे माग. वर्गातलं बातमीपत्र फक्त वर्ग ऐकतो, माहितीपत्र लोक ऐकतात. आणि "उद्या या पेठेत पाणी नाही" हे चुकलं, की लोक केंद्रावर येऊन भांडतात. तशी परीक्षा कुठलाच सर घेत नाही.

डेस्कवरचा_गण्या
तरंगशी सहमत, पण माझा मूळ आक्षेप सोडत नाही. काका, पहिलं वाक्य हलकं करायचं म्हणता, त्याचं पुढे काय होतं ते मी टीव्हीवर बघतो. "पुणेकरांसाठी महत्त्वाची बातमी!" हे पण हलकंच वाक्य आहे. त्यात बातमी शून्य.

सात_पाच
ते हलकं नाही, पोकळ आहे. पहिल्या वाक्यात बातमी हवीच. फक्त कान स्थिरावायच्या आत अनोळखी नाव आणि आकडा नको. "मौजे अमुक येथील रहिवासी तमुक (वय ४५)" अशी सुरुवात केली तर नाव वाऱ्यावर जातं. आधी "जुन्नर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला" असं सांग, मग नाव सांग. तोवर माईंनी कोपरानं आवाज वाढवलेला असतो.

अजून एक घोळ आपल्या भाषेच्या घडणीमुळे होतो. बोलणारा कोण, ते आपण वाक्याच्या शेवटी सांगतो. "रस्त्यांच्या कामात कोट्यवधी रुपयांचा गैरव्यवहार झाला असून, त्यात अधिकाऱ्यांचा थेट सहभाग आहे आणि निविदाही बनावट आहेत, असा आरोप विरोधी पक्षनेत्यांनी केला." पेपरात डोळा खाली जाऊन "आरोप" बघतो. रेडिओवर आठ-नऊ सेकंद ते सत्य म्हणूनच ऐकू येतं आणि तेवढ्यात कोणी रेडिओ बंद केला तर संपलंच. म्हणून "रस्त्यांच्या कामात गैरव्यवहार झाल्याचा आरोप विरोधी पक्षनेत्यांनी केला आहे" एवढंच पहिलं वाक्य. तपशील दुसऱ्या वाक्यात, आणि तिथेही "त्यांच्या म्हणण्यानुसार". मग आयुक्तांचं उत्तर. उत्तर मिळालं नसेल तर तसंही सांगायचं.

डेस्कवरचा_गण्या
हे मान्य. उद्यापासून पेपरातही करून बघतो, मुख्य उपसंपादक काय म्हणतात ते कळवीन.

अर्धविराम
वाचनखूण साठवलीय. आता वेळेचं बोलूया का? दहा मिनिटांत नेमक्या किती बातम्या बसतात? आमचं दर वेळी लांबतं आणि मग शेवटी वाचणारा सुसाट सुटतो.

सात_पाच
सहाशे सेकंद कागदावर मांड. सुरुवातीची धून आणि निवेदन पंधरा सेकंद. पाच ठळक बातम्या चाळीस. मध्ये "आपण अमुक केंद्राचं बातमीपत्र ऐकत आहात" याला दहा. शेवटी पुन्हा ठळक बातम्या चाळीस आणि समारोप दहा. हातात राहिली ४८५ सेकंदं, म्हणजे आठ मिनिटं आणि वर पाच सेकंद. त्यात वीस-वीस सेकंदांचे दोन बाइट (बोलणाऱ्याच्याच आवाजातले तुकडे) असतील तर तुझ्या शब्दांना ४४५.

आता तुमच्या बातम्या वाचणाऱ्याचा वेग मोज. मराठी बातमी सावकाश आणि नीट वाचली तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. एकशे दहा धरलेस तर ४४५ सेकंदांत आठशेच्या थोडे वर शब्द. चौदा बातम्या घेतल्यास तर एकीला सरासरी साठही नाहीत. सगळ्या सारख्या मात्र करू नकोस. पहिली नव्वद शब्दांची, शेवटच्या तिशीच्या. एकाच मापाच्या चौदा बातम्या आल्या की श्रोत्याला झोप येते.

पुढचं काम निर्मात्याचं. घड्याळ उलटं मोजायचं. शेवटच्या ठळक बातम्या आणि समारोप मिळून पन्नास सेकंद, म्हणजे नऊ मिनिटं दहा सेकंदांना हवामान संपलंच पाहिजे. हवामान पंचवीस सेकंदांचं असेल तर ते पावणेनऊला सुरू. त्याच्या आधी क्रीडा. असं मागून मागून येत प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात वेळ लिहून ठेव. वाचणारा सहाव्या बातमीला दहा सेकंद मागे असेल तर तिथेच कळतं आणि शेवटी पळापळ होत नाही.

कुठली उडवायची हे स्टुडिओत ठरवू नकोस. आधीच पेन्सिलीनं दोन बातम्यांवर फुली मारून ठेव, वेळ गेली तर त्या गेल्या. आणि वेळ उरली तर लागतील म्हणून वीस आणि तीस सेकंदांच्या दोन राखीव बातम्या खाली ठेव. काचेपलीकडून खुणा ठरव. बोट गोल फिरवलं तर वेग वाढव, दोन्ही हात ताणले तर सावकाश, गळ्यावरून हात फिरवला तर आटप. नवीन मुलं ही तिसरी खूण बघून घाबरतात, आधी सांगून ठेव.

माई_बार्शीकर
आणि मृत्यूची बातमी संपली की क्षणभर थांबा हो. परवा एकीनं अपघात वाचला आणि त्याच दमात क्रिकेटचा विजय. मला क्षणभर कळेना, कोण गेलं आणि कोण जिंकलं.

फेडर_अप
सगळे लिहिण्यावरच बोलताय, जरा आवाजाकडे या. मी ध्वनिमुद्रण करतो, जाहिराती आणि पॉडकास्ट. विद्यार्थ्यांचं काम घरच्या खोलीत कसं सुधारेल तेवढं सांगतो.

माइक तोंडासमोर नको, किंचित बाजूला, वीतभर अंतरावर. मराठीत प, फ, भ, ख, थ यांचा श्वास थेट माइकवर आदळतो. "भाजपच्या बैठकीत" आणि "फेब्रुवारी" या दोन्हींवर ठोके बसलेले ऐकू येतात. बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवा, पंखा बंद. पानं स्टेपल करू नका, एका बाजूलाच छापा, अक्षर मोठं ठेवा. आणि एका पानावरचं वाक्य दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नका, कारण पान उलटताना वाचणारा थांबतोच आणि "मुख्यमंत्र्यांनी राजीनामा" म्हणून दीड सेकंद गेला तर काय होईल विचार करा. पुढच्या पानावर "मागण्याचा प्रश्नच नाही असं सांगितलं" आहे म्हणा, पण तोवर बॉम्ब पडलेला असतो.

ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. मोनोमध्ये रेकॉर्ड करा. आवाजाची शिखरं उणे सहा डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी ठेवा, लाल दिवा लागला की ते परत येत नाही. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट पुसायची सोय, बेतानं. जास्त लावलं की माणूस रिकाम्या डब्यात बोलल्यासारखा येतो. त्यापेक्षा खिडकी बंद करा आणि गोधडी टांगा.

बाइटबद्दल: रेडिओवर खाली नावाची पट्टी नसते. कोण बोलतंय ते आधी सांगा, मग बाइट. आणि बाइटमध्ये जे वाक्य आहे तेच निवेदनात नको. "पंचनामे आठ दिवसांत पूर्ण होतील, असं तहसीलदारांनी सांगितलं" आणि लगेच तहसीलदार, "पंचनामे आठ दिवसांत पूर्ण होतील." या द्विरुक्तीत वेळ वाया गेला. निवेदनात "पंचनामे कधी होणार, याबद्दल तहसीलदार म्हणाले" एवढं पुरे.

तरंग
+१. आणि नुसती माणसंच रेकॉर्ड करू नका. लासलगावला कांद्याचा लिलाव असेल तर पुकाऱ्याचे आठ-दहा सेकंद घ्या आणि त्यावर बातमी सुरू करा. ऐकणारा बाजार समितीत उभा राहतो. भाव मात्र तीन-तीन सांगू नका. कमाल, किमान, सरासरी असे तीन आकडे आणि वर पाच बाजार समित्या, म्हणजे पंधरा आकडे. कानात एकही राहत नाही. सरासरी सांगा आणि कालपेक्षा वर की खाली ते सांगा.

अर्धविराम
पुकाऱ्याची आयडिया भारी आहे! आकड्यांवरूनच विचारते. आमचा वाचणारा त्र्याऐंशी आणि त्र्याण्णव यांत हमखास गडबडतो.

सात_पाच
अंकात लिहू नका, अक्षरात लिहा. आणि मोठा आकडा सोपा करा. "४७ कोटी ८३ लाख ५६ हजार" हे "सुमारे ४८ कोटी" होतं. अपवाद मृतांच्या संख्येचा. तिथे "सुमारे" चालत नाही. मिळालेला आकडा आणि तो देणारा, दोन्ही स्पष्ट. दोन ठिकाणांहून दोन आकडे आले तर अधिकृत आणि कमी असलेला घ्या. वाढवता नंतर येतो, कमी करताना माणसं जिवंत करावी लागतात.

हवामानाचंही असंच. "मुसळधार" हा हवामान खात्याच्या लेखी मोजमापाचा शब्द आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. भिजून आलात म्हणून "मुसळधार" लिहू नका. ऑरेंज अलर्ट म्हटलंत तर कुठल्या जिल्ह्याला आणि कधीपर्यंत तेही सांगा.

डेस्कवरचा_गण्या
गुन्ह्याच्या बातमीबद्दल एक, कारण विद्यार्थी इथे हमखास घसरतात. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम २२८ अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. मुलांच्या बाबतीत पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३. नाव नाही घेतलं म्हणजे झालं, असं नाही. छोट्या गावाचं नाव, शाळा, आरोपी कोण लागतो, हे तिन्ही एकत्र सांगितलं की अख्ख्या गावाला कळतं. तालुक्यापर्यंतच थांबा.

अर्धविराम
हे शुक्रवारच्या गटाला आजच पाठवते. आता माझा कच्चा क्रम बघता का? बातम्या अजून बदलतील.

मंत्रिमंडळाचा निर्णय, लोकसभेतली चर्चा, खडकवासला विसर्ग, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलल्या, रस्त्यांबाबतचा आरोप (बाइट), जुन्नर बिबट्या (तिथल्या मैत्रिणीचा फोनवरून वृत्तांत), कांद्याचे भाव, पालखी मार्गाची दुरुस्ती, दोन अपघात, नाट्य स्पर्धा, क्रीडा दोन, हवामान.

डेस्कवरचा_गण्या
मंत्रिमंडळ आधी, बरोबर आहे. राज्यभर परिणाम.

सात_पाच
मी नाही लावणार. कुठला निर्णय आहे यावर ते ठरेल. महामंडळाच्या नावात बदल असेल तर तो आठव्या नंबरवर. पाऊस सुरू आहे, विसर्ग वाढलाय, परीक्षा पुढे गेल्यात. तुमचा श्रोता पुण्यातला विद्यार्थी आणि नदीकाठचा माणूस आहे. विसर्ग पहिली, त्याला चिकटून परीक्षा, कारण दोन्हींमागचं कारण एकच आहे, आणि त्याच झुबक्यात हवामानाचा इशारा. शेवटी मग फक्त तापमान आणि उद्याचा अंदाज. लोकसभा दिल्लीहून येते म्हणून वर, असं पूर्वी आम्हीही करायचो. वरून आलेली प्रत वर. ती सवय विद्यार्थ्यांनी उचलायचं काही कारण नाही.

दोन अपघात मिळून एक बातमी करू नकोस. श्रोत्याला वाटतं एकाच ठिकाणी झाले.

रोज सकाळी ७ वाजून ५ मिनिटांचं पुण्याचं बातमीपत्र ऐकायची सवय लाव. ज्या वेळेला पुणे आकाशवाणीच्या वृत्तनिवेदिका सुधा नरवणे वाचायच्या तीच वेळ. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर या संकेतस्थळावर प्रादेशिक बातमीपत्रांचा आवाज आणि लिखित प्रत दोन्ही मिळतात. आधी नुसतं ऐक, आठवतील त्या बातम्या लिही, मग प्रत उघड. कुठली आठवली नाही ते बघ आणि तिचं पहिलं वाक्य तपास. आकाशवाणीचं सगळंच आदर्श आहे असं नाही, "च्या हस्ते संपन्न" तिथेही निघतं. निघालं की ते तू बदलून लिही.

कुजकट
बरं, मीही ऐकलं आज ७:०५ चं. चार बातम्या आठवल्या. बिबट्या होता म्हणून.

माई_बार्शीकर
बघा! 😀

अर्धविराम
😂 काका, क्रम बदलला. मंत्रिमंडळ चौथ्यावर गेलंय, गटात भांडण होणार आहे.

शेवटचं एकच, फेडर_अप यांना: जुन्नरची मैत्रीण फोनवरून बोलणार आहे. मागच्या वेळी एकीचा आवाज तुटक आला आणि मागून एसटीचा हॉर्न. कॉल रेकॉर्ड करायचा की काय?

फेडर_अप
कॉल नको. तिलाच तिच्या फोनच्या रेकॉर्डरमध्ये बोलू दे. फोन गालाला न लावता हनुवटीच्या खाली, बंद गाडीत बसून, काचा वर. गाडी नसेल तर कपड्यांच्या कपाटासमोर. सुरुवातीला काही न बोलता पाच सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवायला सांग, जोडकाम करताना ती शांतता उपयोगी पडते. वृत्तांत चाळीस सेकंदांच्या आत, शेवटी नाव आणि ठिकाण. दोनदा वाचून घे. दुसरं वाचन बहुतेक वेळा चांगलं असतं, पण पहिल्यातलं एखादं वाक्य लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू देऊ नकोस, आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून जोडायला सांग. गावाचं नाव ती कसं उच्चारते ते ऐक आणि तुमच्या निवेदकाला तसंच म्हणायला लाव, नाहीतर निवेदनात एक गाव आणि वृत्तांतात दुसरं. फाइलच्या नावात तारीख, ठिकाण आणि सेकंद घाल. "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" असल्या नावांमुळे ऐनवेळी चुकीची फाइल वाजते.